गिझर कुणाचा, गळती कुणाची

गिझर बंद पडला की फोन मला येतो. वास्तविक करारावर दोघांचे अंगठे उमटले, किल्ल्या हातात गेल्या आणि माझी एका महिन्याची दलाली मिळाली की माझं काम संपलं. पण भाड्याच्या जागा लावून देण्याच्या धंद्यात असं काही संपत नाही. माझं छोटं ऑफिस मुलुंड पूर्वेला. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतचा पट्टा मूळचा, पुढे ओळखीओळखीतून अंधेरी आणि बोरिवलीही आली. एवढ्या वर्षांत भाड्याच्या रकमेवरून करारानंतर भांडण झालेलं मी क्वचितच पाहिलं. ती रक्कम आधीच घासाघीस होऊन ठरलेली असते. भांडणं होतात ती फ्लशच्या टाकीवरून, मोरीच्या जाळीवरून, पाण्याने फुगलेल्या बाथरूमच्या दारावरून. जून उजाडला की छताची ओलही त्यात येते. मग दोन्हीकडून एकच वाक्य ऐकू येतं, "ताई, आता तुम्हीच सांगा त्यांना."

करारात याबद्दल काहीच नसतं असं नाही. लिव्ह अँड लायसन्सच्या ठरीव मसुद्यात एक कलम असतं. जागा घेतली त्या स्थितीत ठेवायची, वापराने होणारी नेहमीची झीज वगळून. नुकसान केलं तर भरून द्यायचं. मालमत्ता कर आणि सोसायटीचा मेंटेनन्स मालकाचा, विजेचं बिल राहणाऱ्याचं. झालं. आता सात वर्षं वापरलेल्या गिझरची कॉइल अकरा महिन्यांच्या करारातल्या चौथ्या महिन्यात गेली, तर ती झीज की नुकसान? मालक म्हणतो, मी दिला तेव्हा चालू होता. राहणारा म्हणतो, मी काय गिझर खाल्ला? दोघंही खरंच बोलत असतात.

अंधेरी पश्चिमेच्या एका टॉवरमधलं असंच प्रकरण माझ्या चांगलं लक्षात आहे. भाडेकरू नवराबायको, दोघंही नोकरीला. वर्षभरात गिझर दुसऱ्यांदा बंद पडला होता. मालकाचं म्हणणं, ही माणसं दिवसभर बटण चालू ठेवतात. शेवटी मालक, भाडेकरू आणि मी, तिघांच्या देखत इलेक्ट्रिशियनने गिझर उतरवून उघडला आणि कॉइल वर्तमानपत्रावर ठेवली. कॉइल अशी दिसतच नव्हती. तिच्याभोवती पांढरट कवच होतं, बोटभर जाड. त्याने पेचकसाच्या मुठीने ठोकलं तसे पापुद्रे सुटून कागदावर पडले, आणि आतल्या नळीला गेलेली चीर दिसली. महापालिकेचं पाणी तलावांचं, त्यात क्षार कमी. पण त्या टॉवरला ते पुरत नव्हतं, म्हणून रोज टँकर यायचे, शिवाय बोअरचं पाणी टाकीत मिसळलं जायचं. त्या जड पाण्याने कॉइल खाल्ली होती. म्हणजे मालकाचा दोष नाही, राहणाऱ्याचाही नाही. आणि सोसायटी काही कुणाच्या गिझरचे पैसे देणार नाही. तिथे उभ्याउभ्या ठरलं की कॉइल मालकाची, मजुरी राहणाऱ्यांची, आणि यापुढे दर सहा महिन्यांनी गिझर उघडून साफ करून घ्यायचा तोही राहणाऱ्यांनी. दोघंही निमूटपणे तयार झाले, कारण बिघाड कशाने झाला ते कागदावर पडलेलं दिसत होतं.

तेव्हापासून मी "कोणती वस्तू कुणाची" असं विचारणं कमी केलं आणि "कशाने झालं" हे आधी विचारू लागले. फक्त हे सांगणार कोण, ही पंचाईत असते. प्लंबरला विचारावं तर प्लंबर ज्याने बोलावलं त्याच्या बाजूने बोलतो. घाटकोपरला एका घराची मोरी सारखी तुंबायची. भाडेकरूंनी आणलेल्या प्लंबरने सांगितलं, पाइपाचा उतारच चुकलाय, लादी फोडावी लागेल. मालकाने आणलेल्याने तारेने केसांचा गुंता काढून दाखवला आणि म्हणाला, वापरणाऱ्यांनी जाळी लावली नाही. मी तिसरा माणूस नेला, सोसायटीच्या कायमच्या कामाचा. तो म्हणाला, दोन्ही खरं आहे. उतार कमी आहे म्हणून केस अडकतात, आणि केस जातात म्हणून तुंबतं. अशा वेळी मी सरळ सांगते: प्लंबर एकाने बोलवायचा आणि बिल दुसऱ्याने भरायचं, हे चालणार नाही. ज्याने पैसे द्यायचे त्याने माणूस आणायचा. दुसऱ्याला पटलं नाही तर सोसायटीच्या माणसाचा शब्द दोघांनी मानायचा. हे आता मी करारातच घालते. वकील हसतात, पण ते कलम आजवर कुणी काढायला लावलेलं नाही.

वस्तूंच्या याद्या करून हा प्रश्न सुटेल, असं सरकारलाही वाटलं होतं. २ जून २०२१ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात कामांची चक्क वाटणी आहे. इमारतीची रचनात्मक दुरुस्ती, भिंतींची सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, गरजेप्रमाणे नळांचे पाइप आणि विजेची वायरिंग बदलणं ही कामं मालकाची. मोऱ्या-गटारं साफ ठेवणं, स्विच आणि सॉकेट, नळ आणि त्यांचे वायसर, खिडक्यांच्या काचा, बेसिन, संडास, गिझर, कड्या-कुलपं ही भाडेकरूची. मालकाने आपलं काम टाळलं तर भाडेकरूने ते करून भाड्यातून कापायचं, पण कोणत्याही महिन्यात निम्म्याहून जास्त नाही. हा नमुना कायदा आहे, राज्यांनी तो घ्यावा म्हणून केलेला. महाराष्ट्रात आपला १९९९ चाच कायदा चालतो. मी ती यादी छापून ऑफिसात ठेवली आहे, कारण बोलणी सुरू करायला ती बरी पडते. पण गिझर सरसकट भाडेकरूच्या गळ्यात घातलेला मला पटत नाही. अकरा महिने राहणाऱ्याने दहा वर्षांच्या गिझरचं म्हातारपण का सांभाळायचं? उलट सफेदी कायद्याने मालकाकडे दिली, आणि आमच्याकडे रिवाज नेमका उलटा. घर सोडताना रंगाचे पैसे म्हणून डिपॉझिटमधून एक रक्कम कापायची, हे मालकांनी स्वतःच ठरवून टाकलेलं आहे.

शिवाय त्या यादीत दोनच माणसं आहेत. मुंबईच्या उपनगरातल्या फ्लॅटच्या भांडणात निदान तीन असतात आणि गळतीच्या भांडणात पाच. मुलुंडच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमचं छत ओलं झालं. प्लास्टर फुगलं, एक पोपडा बादलीत पडला. मालक राहायला डोंबिवलीला. चौथ्या मजल्याचा फ्लॅटही भाड्याने दिलेला, त्याची मालकीण बंगळुरूला मुलाकडे. म्हणजे दोन मालक, दोन भाडेकरू आणि सोसायटी. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची आणि बाहेरच्या भिंतींतून येणारी गळती सोसायटीने काढायची, एका फ्लॅटच्या संडास-बाथरूममधून खालच्या फ्लॅटमध्ये येणारी त्या सभासदाने. वाचायला सोपं आहे. पण पाणी वरच्या बाथरूमचं की बाहेरच्या डाऊनटेक पाइपाचं, हे ठरवायला वरच्या बाथरूममध्ये रंग घातलेलं पाणी चोवीस तास तुंबवून ठेवावं लागतं. वरचे भाडेकरू म्हणाले, आम्ही अंघोळ कुठे करायची? खालचे म्हणाले, आम्ही छत्री घेऊन बसायचं का? सेक्रेटरी म्हणाले, तुम्ही दोघंही सभासद नाही, तुमच्या मालकांना पत्र लिहायला सांगा.

रंगीत पाणी खाली आलं आणि वरच्या मालकिणीने खर्च मान्य केला. पैशांचं एका फोनवर मिटलं. बाथरूम फोडून, जुना कोबा काढून, नवं वॉटरप्रूफिंग करून परत लादी बसवायची म्हणजे मिस्त्रीने आठ दिवस सांगितले होते, ते पंधरा होणार हे सगळ्यांना माहीत होतं. सोसायटीत ठोकाठोक सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, मधे दुपारी विश्रांती, रविवारी बंद. वरच्यांकडे बाळंतीण होती. त्यांच्या करारात दुरुस्ती सोसण्याबद्दल एक अक्षर नव्हतं, आणि त्यांनी तरी का सोसावी? शेवटी मालकिणीने निम्म्या महिन्याचं भाडं सोडलं, शेजारच्यांनी बाथरूम वापरायला दिलं आणि खालच्या मालकानेही आपल्या भाडेकरूंना थोडी सूट दिली. खर्चाची वाटणी कायदा सांगतो, करारही सांगतो. घरात मिस्त्री असताना सुट्टी कोण घेणार, धूळ कोण पुसणार, पंधरा दिवस बादलीने पाणी कोण वाहणार, हे कुठेच लिहिलेलं नसतं. माझ्या अनुभवात निम्मी दुरुस्ती पैशांमुळे रखडत नाही. प्लंबरला सकाळी अकराला दार उघडायला घरात माणूस नसतं म्हणून रखडते. मालक म्हणतो मी कल्याणहून येऊ का, भाडेकरू म्हणतो माझी रजा तुमच्या नळासाठी का. आता मी करारात ओळ घालते: छोट्या कामाला राहणाऱ्याने हजर राहायचं; दोन दिवसांपेक्षा मोठ्या कामाला मालकाने आपला माणूस ठेवायचा, आणि घर वापरता आलं नाही त्या दिवसांचं भाडं घ्यायचं नाही.

माझं माहेर घाटकोपरच्या पागडीच्या चाळीतलं, त्यामुळे या विषयाचा जुना चेहराही मी पाहिलेला आहे. तिथे वाटणी करायला मालक दिसायचाच नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० सालच्या पातळीला बांधून टाकली होती. मालकाला त्या पैशांत कौल बदलणंही परवडत नव्हतं, असं तो म्हणायचा, आणि हिशेब केला तर ते खोटं नव्हतं. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे गोठवणं अवाजवी ठरवलं. पुढे ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, त्यात वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा आली. त्याचं कलम १४ मालकावर जागा राहण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी टाकतं, करारात वेगळं ठरलं नसेल तर. भाडेकरूने पंधरा दिवसांची नोटीस द्यायची. तरी मालक हलला नाही तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करायचा, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. माझा भाऊ अजून त्याच चाळीत आहे. भाडं महिना दोनशे, म्हणजे वर्षाचे चोवीसशे, त्याचा चौथा हिस्सा सहाशे रुपये. घाटकोपरच्या नाक्यावर आज सहाशेत गवंडी दिवसभर यायचा नाही, सिमेंट-रेती तर सोडाच.

गिरगाव-लालबागच्या उपकरप्राप्त इमारतींना निदान म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे. ते मुंबई शहरापुरतं. माहीम-शीवच्या या बाजूला आमच्या उपनगरातल्या पागडीवाल्यांना तेही नाही. त्यामुळे आमच्या चाळीत मेच्या शेवटी वर्गणी निघायची, पोरं छपरावर चढायची, फुटकी कौलं उतरायची. मालकाचा माणूस खाली उभा राहून बघायचा. बदललेल्या कौलांच्या जागी पत्रा घातला तर हरकत घ्यायची, एवढंच त्याचं काम. कायद्यात हक्क होता आणि हातात वर्गणीची वही होती. आम्ही वहीवर जगलो.

हे मी लिव्ह अँड लायसन्सवाल्यांना मुद्दाम सांगते, कारण बरेच जण अर्धवट वाचून येतात आणि कलम १४ दाखवतात. ते कलम भाडेकरूविषयी आहे. अकरा महिन्यांच्या परवान्यावर राहणारा त्या अर्थाने भाडेकरू नाही. त्याची सगळी भिस्त करारावर, आणि तो करार लेखी करून नोंदवणं ही जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. आता नोंदणी घरबसल्या होते. मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो, वीस मिनिटांत काम उरकतं. याच वीस मिनिटांत कुणी कलमं वाचत नाही. सगळे कॅमेऱ्यात चेहरा नीट येतोय का ते बघत असतात.

माझ्या कामाची पद्धत खरी बदलली ती २६ जुलै २००५ नंतर. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अंधेरीत मोगरा नाल्याच्या बाजूला तळमजल्यावर मी एक सजवलेली जागा लावून दिली होती. सोफा, पलंग, फ्रिज, सगळं मालकाचं. कमरेइतकं पाणी रात्रभर आत होतं. पाणी उतरल्यावर घरात चिखल, भिंतींवर एका सरळ रेषेत तपकिरी डाग, आणि त्या रेषेखाली सगळे प्लग पॉइंट. मालकाने फर्निचरची भरपाई मागितली. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदासुद्धा वापराची झीज आणि माणसाच्या हाताबाहेरचा कोप भाडेकरूच्या माथी मारत नाही. परवाना त्या कायद्यात बसत नाही हे मला माहीत होतं, पण न्याय तोच, असं मी मालकाला सांगितलं. ते तयार झाले. मग नवाच वाद निघाला: फ्रिज पुरात गेला की आधीच बंद होता? सोफ्याची स्प्रिंग कधी तुटली? कुणाकडेच पुरावा नव्हता. माझ्याकडेही फक्त "फर्निचरसह" एवढा एक शब्द होता.

त्यानंतर मी कॅमेरा घेऊन किल्ल्या द्यायला जाऊ लागले. आधी रोलचा, मग डिजिटल, आता मोबाइलवर सलग व्हिडिओ. प्रत्येक नळ सोडून बंद करायचा, फ्लश ओढायचा, गिझरवरची कंपनीची पट्टी आणि साल दाखवायचं, खिडक्या सरकवायच्या, सिंकखाली बॅटरी मारायची. व्हिडिओ तिघांच्या ग्रुपवर टाकायचा आणि तो तसाच ठेवायचा. मालकांना आधी हा चोंबडेपणा वाटायचा. अंधेरीच्या त्या मालकाने मात्र स्वतःच्या खर्चाने सगळे पॉइंट चार फुटांवर घेतले आणि पुढच्या करारात पावसाळी पाण्याचं वेगळं कलम मागितलं. चिखल भाडेकरूंनीच काढला होता, हे तो कधी विसरला नाही.

भाडेकरूही काही साधेभोळे नसतात. एकांनी जाताना मालकाने नुकताच बसवलेला पितळी कॉक काढून नेला आणि जागी प्लास्टिकचा लावला. दुसऱ्यांनी ओल सुरू झाल्याचं चार महिने सांगितलंच नाही, कारण मालक घरी येऊन चार माणसं जास्त राहतात हे बघेल अशी भीती. तोवर लाकडी कपाटाला वाळवी लागली. वेळेवर कळवलं असतं तर काम किरकोळ होतं. त्या कपाटाचे पैसे त्यांच्याकडूनच वसूल झाले आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही. सांगितल्यापासून सात दिवसांत मालकाने उत्तर द्यायचं, नाही दिलं तर ठरलेल्या रकमेपर्यंत काम करून घ्यायचं, आणि राहणाऱ्याने दिसल्यापासून सात दिवसांत कळवायचं, नाही कळवलं तर वाढलेलं नुकसान त्याचं. ही दोन्ही कलमं मी जोडीनेच घालते. ठरलेली रक्कम बहुधा हजार-दीड हजार असते. त्याखालचं राहणाऱ्याने विचारायलाही नको, करून टाकायचं.

२५ जुलै २०१७ ला घाटकोपर पश्चिमेला दामोदर पार्कजवळची सिद्धी साई इमारत पडली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांकडे तेव्हा बोट दाखवलं गेलं. त्यानंतर घाटकोपरचे कितीतरी मालक एसीच्या पाइपासाठी भोक पाडायलाही नकार देऊ लागले. भोकाने इमारत पडत नाही, खांब-तुळया छेडल्याने पडते. पण त्या दिवसांत मी कुणाशी वाद घातला नाही. भिंत, खांब, तुळई, स्लॅब यांना राहणाऱ्याने हात लावायचा नाही आणि तिथे तडा दिसला तर त्याच दिवशी मालकाला आणि सोसायटीला लेखी कळवायचं, यावर मात्र मी अडून बसते. तीस वर्षांवरच्या इमारतींना महापालिकेच्या कायद्याने संरचनात्मक तपासणी करावी लागते. जागा बघायला येणाऱ्याने तिचा अहवाल मागायला हरकत नाही. फारसं कुणी मागत नाही. मॉड्युलर किचन आहे का, ते विचारतात.

मालकांची बाजूही सांगायला हवी. घर भाड्याने दिलं की सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनवापर शुल्क लावते. कर आहे, मेंटेनन्स आहे, मोठ्या दुरुस्तीची वेगळी वर्गणी आहे. बोरिवलीच्या एका निवृत्त बाईंचा तो फ्लॅट म्हणजेच पेन्शन. एका पावसाळ्यात खिडकीच्या कडेची गळती काढायला त्यांचं दोन महिन्यांचं भाडं गेलं, आणि काम होतं बाहेरच्या भिंतीचं, म्हणजे सोसायटीचं. सोसायटीने पुढच्या सर्वसाधारण सभेत बघू म्हणून सांगितलं. त्यांनी थांबायला नको म्हणून खर्च केला आणि बिलं लावून सोसायटीकडे अर्ज दिला. तो अर्ज मीच टाइप केला. निम्मी रक्कम दीड वर्षाने मिळाली.

तरीही डिपॉझिटच्या बाबतीत मी भाडेकरूंच्या बाजूने बोलते. पैसे मालकाच्या खात्यात, नुकसान ठरवणारा मालक, कापणाराही मालक. भाडेकरू तोवर दुसऱ्या घराचं डिपॉझिट भरून बसलेला, तो भांडायला येत नाही. तीन खिळ्यांच्या भोकांसाठी अख्ख्या घराच्या रंगाचे पैसे कापलेले मी पाहिले आहेत. म्हणून आता रंगाची रक्कम मी करारातच आकड्यात लिहून घेते, आणि दोन वर्षं राहिल्यास शून्य.

परवा मुलुंडला एक तरुण जोडपं जागा बघायला आलं. मुलीने आधी सिंकखाली वाकून पाहिलं, मग विचारलं, "काका, गिझर कोणत्या सालचा?" मालक जरा चिडले. म्हणाले, चालू आहे ना! मी पट्टीवर बॅटरी मारली. २०१४. तासभर चर्चा झाली. नवा गिझर मालकाने बसवून द्यायचा, पहिल्या दोन वर्षांची सर्व्हिसिंग राहणाऱ्यांनी करायची, भाडं पाचशेने जास्त, असं ठरलं. मालकांना ते महाग वाटलं, जोडप्यालाही. करार दुसऱ्या दिवशी नोंदवला.